मेरुरज्जूचा तुटलेला दुवा : नव्या पदार्थांचे सामर्थ्य आणि मर्यादा

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या आरोग्य प्रबोधन वर्गातील भाषणाचा मजकूर)

आंबे उतरविण्यासाठी झाडावर चढलेला माणूस फांदी मोडून खाली येतो. कडब्याची गंज रचताना एखाद्याचा तोल जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीत सूर मारणाऱ्या मुलाला पाण्याच्या खोलीचा अंदाज येत नाही. रात्रीच्या अंधारात दुचाकी पुलाच्या कठड्यावर आदळते. अपघात एका क्षणाचा असतो. पुष्कळदा शुद्ध हरपलेली नसते, अंगावर मोठी जखमही दिसत नाही. परंतु माणसाला पाय हलविता येत नाहीत आणि पायाला कोणी हात लावला तरी त्याला ते कळत नाही. रुग्णालयात क्ष-किरण चित्र काढले जाते, मणका मोडल्याचे दिसते, शस्त्रक्रिया करून तो पट्ट्या व स्क्रू यांच्या साह्याने बसविलाही जातो. काही महिन्यांनी मणका जुळून येतो. पाय मात्र हलत नाहीत. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे डॉक्टरांना जो प्रश्न विचारतात तो अगदी साधा असतो. हाड जुळले, कातडी भरून आली, मग आतली दोरीच का जुळत नाही?

प्रश्न साधा असला तरी त्याने वैद्यकशास्त्राला हजारो वर्षे निरुत्तर केले आहे. गेल्या चार-पाच दशकांत त्याच्या उत्तराची दिशा दिसू लागली, आणि त्या दिशेने जाणाऱ्या वाटांपैकी एक महत्त्वाची वाट जैवसुसंगत पदार्थांची, म्हणजे शरीराने आपलेसे करावेत अशा रीतीने तयार केलेल्या पदार्थांची आहे. ही वाट कोठवर आली आहे, ती कोठे अडली आहे, आणि ती पूर्ण होईपर्यंत गावपातळीवर काय करणे शक्य आहे, हे समजावून घेणे अगत्याचे आहे. कारण या विषयात अज्ञानाइतकीच अर्धवट माहितीही कुटुंबाला महागात पडते.

रज्जूची रचना

पाठीच्या कण्यातील मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेपर्यंत एक मऊ दोरी खाली उतरते. तिलाच मेरुरज्जू किंवा मज्जारज्जू म्हणतात. प्रौढ पुरुषात तिची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर असते आणि जाडी हाताच्या करंगळीएवढी. तिच्यापासून चेतांच्या ३१ जोड्या निघून हातपाय, छाती, पोट व ओटीपोट यांच्याकडे जातात. मेंदूची आज्ञा खाली नेणारे आणि स्पर्श, वेदना, उष्णता यांची वार्ता वर आणणारे लक्षावधी चेतातंतू या करंगळीएवढ्या जागेत दाटीने बसलेले असतात. त्यांतील काही तंतू मेंदूतील एका पेशीपासून निघून अर्ध्या मीटरहून अधिक अंतर अखंड जातात.

दुखापत मानेत झाली तर हातपाय चारही निकामी होतात आणि श्वासोच्छ्वासही धोक्यात येतो. ती पाठीत झाली तर कमरेखालचे अंग लुळे पडते. यालाच अधरांग म्हणतात. केवळ चालणेच थांबते असे नाही. लघवी व शौच यांवरील ताबा जातो, रक्तदाब व घाम यांचे नियमन बिघडते, आणि स्पर्शज्ञान नसल्यामुळे एकाच कुशीवर पडून राहिल्याने शय्याव्रण होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक माणसे मेरुरज्जूच्या दुखापतीसह जगत आहेत. पडणे आणि रस्त्यावरील अपघात ही तिची प्रमुख कारणे होत.

या दुखापतीची नोंद फार जुनी आहे. एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखला जाणारा इजिप्तमधील वैद्यकीय पपायरस इ.स.पूर्व १६०० च्या सुमाराचा आहे. मानेचा मणका निखळून हातपायांची जाणीव गेलेल्या रुग्णाचे अचूक वर्णन त्यात आढळते, आणि अशा रुग्णावर उपचार करू नयेत असा सल्लाही तेथेच दिलेला आहे. त्यानंतर साडेतीन हजार वर्षांनी, १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेल्या चेतातंतूंचा अभ्यास केला. तुटलेला तंतू प्रारंभी अंकुर फोडतो, परंतु मेंदू व मेरुरज्जू यांत तो अंकुर लवकरच खुंटतो, असे त्यांना आढळले. प्रौढ माणसाच्या मेंदूत व रज्जूत नवी वाढ होत नाही, हा निष्कर्ष यानंतर जवळजवळ सिद्धान्तासारखा मानला गेला.

एका आघाताचे दोन आघात

पहिला आघात मोडलेल्या मणक्याचा. हाडाचा तुकडा किंवा सरकलेला मणका रज्जूला चिरडतो. रज्जू पूर्णपणे दुभंगण्याचे प्रसंग थोडे असतात. बहुधा ती चेंगरली जाते आणि तिच्या कडेचे काही तंतू शाबूत राहतात. दुसरा आघात मात्र शरीराच्या आतच सुरू होतो. रक्तस्राव होतो, सूज येते, सूज आलेल्या भागाला मणक्यांच्या अरुंद पोकळीत पसरण्यास जागा नसते, रक्तपुरवठा आटतो, प्राणवायूअभावी पेशी मरतात, आणि मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारी रसायने शेजारच्या निरोगी पेशींनाही मारतात. ही हानी तासांमागून तास, दिवसांमागून दिवस पसरत जाते. अखेर रज्जूच्या मध्यभागी द्रवाने भरलेली एक पोकळी उरते आणि तिच्याभोवती दाट व्रण तयार होतो. हा व्रण आरंभी उपयोगी असतो, कारण तो हानीला बांध घालतो. परंतु पुढे तोच नव्या तंतूंच्या वाटेत आडवा येतो.

म्हणजे रज्जू जोडण्याचे काम विजेची तुटलेली तार जोडण्यासारखे नाही. येथे मधला भागच नाहीसा झालेला असतो. पूर वाहून गेल्यावर पुलाचे खांबही उरू नयेत, आणि दोन्ही काठांवरचा रस्ताही खचलेला असावा, अशी ही अवस्था आहे.

दोष बीजाचा की जमिनीचा?

हात कापला गेला आणि त्यातील चेता तुटली तर ती हळूहळू, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने, पुन्हा वाढते, ही गोष्ट शल्यचिकित्सकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. मग हातातील चेता वाढते आणि मेरुरज्जूतील वाढत नाही, असे का? वाढण्याची शक्तीच नाही, की वाढू देणारी जागा नाही?

काहाल यांचे शिष्य तेयो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या चेतेचा तुकडा बसवून पाहिला होता आणि मेंदूतील तंतू त्या तुकड्यात शिरल्याचे त्यांना दिसले होते. तथापि त्या काळची साधने अपुरी होती, त्यामुळे हे तंतू नेमके कोठून आले याची खात्री पटविता आली नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे अल्बर्ट आग्वायो आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० व १९८१ मध्ये हाच प्रश्न नव्या साधनांनी सोडविला. त्यांनी प्रौढ उंदरांच्या रज्जूत हातापायांच्या जातीच्या चेतेचा तुकडा पुलासारखा बसविला. मेरुरज्जूतील व मेंदूच्या देठातील तंतू त्या पुलात शिरले आणि त्यातून सुमारे तीन सेंटिमीटर वाढले. परंतु पुलाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचून पुन्हा रज्जूच्या मूळ भूमीत शिरताच त्यांची वाढ थांबली.

शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बी मेलेले नव्हते. जमीन त्याला अनुकूल नव्हती. पुढे झुरिचचे मार्टिन श्वाब आणि इतर शास्त्रज्ञ यांनी या जमिनीतील प्रतिकूल घटकही ओळखले. चेतातंतूंच्या वेष्टनात वाढ रोखणारी काही प्रथिने असतात, आणि व्रणामध्ये साखरेच्या साखळ्या लागलेली अशी संयुगे असतात की ज्यांना स्पर्श होताच वाढता अंकुर माघारी वळतो. लंडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये या साखळ्या तोडणारे एक एंझाइम उंदरांच्या जखमी रज्जूत सोडले तेव्हा काही हालचाली परत आल्याचे आढळले.

तेव्हापासून प्रश्नाचे रूप पालटले. खचलेल्या जागी तंतूंना मानवेल अशी नवी जमीन तयार करता येईल काय, असा प्रश्न आता विचारला जाऊ लागला. जैवसुसंगत पदार्थांचा या क्षेत्रातील प्रवेश येथून होतो.

शरीराने स्वीकारलेले परके पदार्थ

हे पदार्थ सामान्य माणसाला अगदीच अपरिचित नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात बसविले जाणारे कृत्रिम भिंग हे त्याचे घरोघरचे उदाहरण होय. त्याचा उगमही बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे तुकडे डोळ्यात गेलेल्या वैमानिकांवर उपचार करताना ब्रिटिश नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांना असे दिसले की, ही काच ज्या प्लॅस्टिकची होती ते प्लॅस्टिक डोळ्यात वर्षानुवर्षे राहूनही दाह करीत नाही. या निरीक्षणावरून १९४९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसविले. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बनविलेली हृदयाची कृत्रिम झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके हाही याच कुळातील पदार्थ आहे.

भिंग आणि झडप यांनी शरीरात टिकून राहावयाचे असते. मेरुरज्जूसाठी जो पदार्थ हवा त्याचे काम निराळे आहे. घर बांधताना परांची उभारतात, भिंत पुरी झाली की ती काढून घेतात. त्याप्रमाणे या पदार्थाने तंतू वाढेपर्यंत आधार द्यावा आणि नंतर विरघळून जावे, अशी अपेक्षा असते. मेरुरज्जू अत्यंत मऊ असते, म्हणून पदार्थही तितकाच मऊ हवा. कठीण पदार्थ आसपासच्या पेशींना घासून नवी जखम करील. त्याला सूक्ष्म छिद्रे हवीत, म्हणजे पेशी व रक्तवाहिन्या आत शिरतील. त्याची रचना वरून खाली अशी सरळ हवी. वेलीला मांडवावर चढविताना दोरी बांधतात तसे तंतूंना वळण लावणारे मार्ग त्यात हवेत. तो विरघळताना विषारी द्रव्ये निर्माण होता कामा नयेत, आणि तो फार लवकर किंवा फार उशिरा विरघळूनही चालत नाही.

प्रयोगशाळेतील प्रगती

या अपेक्षा पुऱ्या करण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत नाना प्रकारचे पदार्थ वापरून पाहण्यात येत आहेत. कातडी व सांधे यांत निसर्गतः असणारे कोलॅजेन, सांध्यांतील वंगणात असणारे हायलुरॉनिक आम्ल, समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट, रक्त गोठताना तयार होणारे फायब्रिन हे नैसर्गिक पदार्थ आहेत. विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीची बहुवारिके ही कृत्रिम आहेत. काही पदार्थ पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ खळीसारखे असतात. त्यांना हायड्रोजेल म्हणतात. ते सुईने आत सोडता येतात आणि पोकळी जशी वेडीवाकडी असेल तसा आकार घेतात.

अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील संशोधकांनी २००२ मध्ये टाक्यांच्या जातीच्या बहुवारिकापासून एक सच्छिद्र आधार बनविला, त्यात चेतासंस्थेच्या मूलपेशी पेरल्या आणि तो उंदरांच्या अर्धवट कापलेल्या रज्जूत बसविला. ज्या उंदरांना हा आधार मिळाला त्यांच्या मागच्या पायांची हालचाल इतरांहून सरस झाली. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेने त्रिमिती छपाईच्या तंत्राने दोन मिलिमीटरचा आधार अवघ्या १.६ सेकंदांत छापून दाखविला. त्यात प्रत्येकी मिलिमीटरच्या पंचमांशाएवढ्या रुंदीच्या नळ्या होत्या. मूलपेशींनी भरलेल्या या नळ्यांतून उंदरांच्या रज्जूतील तंतू आरपार गेले. २०२१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे सॅम्युएल स्टप यांच्या गटाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी तयार केलेले द्रव इंजेक्शनने जखमेत सोडले की त्याचे रेणू एकमेकांना जोडून अतिसूक्ष्म धाग्यांचे जाळे तयार करतात आणि त्या धाग्यांवरील रेणू सतत हलत राहून पेशींना वाढीचे संकेत देतात. दुखापतीनंतर चोवीस तासांनी एकच इंजेक्शन मिळालेले उंदीर सुमारे चार आठवड्यांनी चालू लागले, आणि बारा आठवड्यांत तो पदार्थ शरीरात विरून गेला.

हे वाचून कोणाच्याही मनात आशा उत्पन्न होईल, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि उंदराची रज्जू काही मिलिमीटर जाडीची असते. माणसाच्या रज्जूतील पोकळी सेंटिमीटरांत मोजावी लागते आणि तंतूंना पार करावयाचे अंतर कितीतरी पटींनी मोठे असते. प्रयोगशाळेत पुष्कळदा रज्जू सुरीने नेमकी कापतात. अपघातात ती चेंगरते. शिवाय तंतू पलीकडे पोहोचणे ही अर्धीच गोष्ट झाली. योग्य पेशीशी त्याची गाठ पडली पाहिजे, त्यावर वेष्टन चढले पाहिजे, आणि ती जोडणी वापरण्याचे शिक्षण स्नायूंना व मेंदूला व्यायामाने द्यावे लागते. पूल बांधल्याने गाव जोडले जात नाही. पुलावरून वाहतूकही सुरू व्हावी लागते.

माणसावरील कसोटी

या वाटेवर माणसांवर झालेली एक चाचणी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. वर उल्लेखिलेल्या सच्छिद्र आधाराच्या कल्पनेवर अमेरिकेतील एका कंपनीने रज्जूत बसवावयाचा विरघळणारा तुकडा तयार केला. पाठीत पूर्ण दुखापत झालेल्या, म्हणजे दुखापतीखाली कसलीही हालचाल वा जाणीव न उरलेल्या रुग्णांना अपघातानंतर काही दिवसांच्या आत तो बसविण्यास २०१४ मध्ये प्रारंभ झाला. सहा महिन्यांनी तपासलेल्या सोळा रुग्णांपैकी सात जणांच्या स्थितीत दुखापतीच्या श्रेणीत निदान एका पायरीची सुधारणा आढळली. पदार्थामुळे गंभीर अपायही झाल्याचे दिसले नाही. सोळांत सात हे प्रमाण मोठे होते, आणि अनेकांना वाटले की, दार उघडले.

परंतु एक शंका उरली होती. पूर्ण दुखापत म्हणून नोंदलेल्या रुग्णांपैकी काही थोडे जण पहिल्या काही महिन्यांत कोणताही विशेष उपचार न होता एक पायरी वर चढतात, हे अनुभवाने ठाऊक आहे. मग या सात जणांची सुधारणा पदार्थामुळे झाली की निसर्गतः? याचा निर्णय करण्यासाठी दुसरी चाचणी योजण्यात आली. वीस रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या शस्त्रक्रियेबरोबर तो तुकडा बसविला, दुसऱ्याला केवळ नेहमीची शस्त्रक्रिया. २०२३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. तुकडा बसविलेल्या गटाची सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरली नाही. चाचणी आपले उद्दिष्ट गाठू शकली नाही.

शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. नव्या बियाण्याने पीक चांगले आले, एवढ्यावरून बियाणे चांगले ठरत नाही. पाऊसच चांगला झाला असेल. शेजारच्या पट्ट्यात जुने बियाणे त्याच दिवशी पेरून दोन्हींची रास मोजली तरच खरे कळते. पहिल्या चाचणीत शेजारचा पट्टा नव्हता. दुसऱ्या चाचणीत तो होता, आणि म्हणून अप्रिय असले तरी खरे उत्तर मिळाले. अशा अपयशामुळे संशोधन थांबलेले नाही. नुसती परांची उभारून भागत नाही. तिच्या जोडीला जिवंत पेशी, वाढीला उत्तेजन देणारी द्रव्ये, व्रण सैल करणारे उपाय, विद्युत् उत्तेजन आणि दीर्घ व्यायाम यांचा संगम घडवून आणावा लागेल, असे मत आता बळावले आहे. चीनमध्ये २०१५ पासून कोलॅजेनचे आधार पेशींसह रुग्णांना बसविले जात आहेत. परंतु रुग्णांची संख्या मर्यादित आहे. पोलंडमध्ये २०१२ साली एका रुग्णाच्या रज्जूतील आठ मिलिमीटरची फट त्याच्याच पायातील चेतेच्या पट्ट्या आणि नाकाच्या चेतेतील पेशी यांनी सांधण्यात आली व त्याला चौकटीच्या आधाराने काही पावले टाकता येऊ लागली. परंतु तो एकच रुग्ण होता. आज कोणत्याही देशात मेरुरज्जू पुन्हा जोडून देणारा, नेहमीच्या उपचारात मान्य झालेला जैवपदार्थ उपलब्ध नाही, ही वस्तुस्थिती स्पष्टपणे ध्यानात ठेवावयास हवी.

आशेचा बाजार

ही वस्तुस्थिती ज्ञात नसल्याने काय घडते, हे खेड्यापाड्यांतून काम करणाऱ्यांना सांगावयास नको. कर्ता मुलगा अंथरुणाला खिळलेला असतो. कोणीतरी वर्तमानपत्रातील कात्रण आणून दाखविते, कोणी मोबाईलवरील चित्रफीत दाखविते. मूलपेशींचे इंजेक्शन घेतले की पाय चालू लागतात, असे त्यात सांगितलेले असते. रक्कम काही लाखांची असते. मग दागिने मोडले जातात, जमीन गहाण पडते. पाय चालत नाहीत आणि जमीनही परत येत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसारखे मान्य उपयोग सोडल्यास मूलपेशींचा वापर केवळ रीतसर परवानगी असलेल्या चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेणे अपेक्षित नाही. प्रत्येक चाचणीची नोंद देशाच्या चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत करणे २००९ पासून बंधनकारक आहे. म्हणून कोणी नवा उपचार देऊ करीत असेल तर तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी नोंदलेली आहे काय? तिचा नोंदणी क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर माघारी फिरावे. सुशिक्षित माणसाने अशा कुटुंबासोबत जाऊन हे प्रश्न विचारणे, ही त्या कुटुंबाची फार मोठी सेवा ठरते.

आज हाती असलेले उपाय

उद्याची आशा खरी असली तरी आजच्या रुग्णाला आजचेच उपाय हवेत, आणि ते क्षुल्लक नाहीत.

पहिला उपाय अपघाताच्या जागी करावयाचा आहे. उंचावरून पडलेल्या किंवा वाहनाच्या धक्क्याने फेकल्या गेलेल्या माणसाची मान वा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा ते हलत नसतील, तर त्याला दोन्ही खाकांत हात घालून उठवून बसवू नये, पाणी पाजण्यासाठी मान उचलू नये, जीपच्या मागच्या बाकावर दुमडून टाकू नये. मोडलेल्या मणक्याची हालचाल झाली तर अर्धी वाचलेली रज्जू पूर्ण चिरडली जाण्याचा धोका असतो. जागा सुरक्षित असेल तर त्याला तेथेच आडवे राहू द्यावे, डोके व मान दोन्ही बाजूंनी हातांनी स्थिर धरावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हलविणे अपरिहार्यच असेल तर चार-पाच जणांनी मिळून, एकाने डोके धरून, सर्वांनी एकाच वेळी, अंग लाकडाच्या ओंडक्यासारखे सरळ ठेवून त्याला फळीवर किंवा दारावर घ्यावे. मदत करणाऱ्यास विनाकारण त्रास होऊ नये यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये संरक्षणाची तरतूद करण्यात आली आहे, हेही लोकांना सांगावे. रज्जूवरील दाब शस्त्रक्रियेने पहिल्या चोवीस तासांत दूर झाला तर लाभाची शक्यता वाढते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून रुग्णास सोयी असलेल्या रुग्णालयात पोहोचविण्यात दिरंगाई होता कामा नये.

दुसरा उपाय पुनर्वसनाचा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अधरांग झालेले बहुसंख्य रुग्ण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी अल्पकाळातच दगावत असत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी यासाठी खास विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्राशयाची निगा, व्यायाम, हाताला काम आणि खेळ, एवढ्याच साधनांवर त्यांनी या रुग्णांचे आयुष्य पालटून दाखविले. १९४८ मध्ये त्यांनी तेथे भरविलेल्या चाकाच्या खुर्चीवरील खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उदयास आल्या. या स्पर्धांत भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर हे महाराष्ट्राचेच सुपुत्र. सांगली जिल्ह्यात जन्मलेले हे सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत पहिले आले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला. त्यांच्या रज्जूवर कोणी सेतू बांधला नव्हता; परंतु उपचार, सराव आणि संधी यांनी एक दुसराच सेतू बांधला होता.

हा दुसरा सेतू बांधणे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हाती आहे. घरच्या माणसांना कूस बदलणे व स्वच्छ नळीने लघवी काढणे शिकविण्याची व्यवस्था प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत होऊ शकते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवून देणे, शाळा, पंचायत कार्यालय व दवाखाना यांच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधणे, चाकाची खुर्ची जाईल एवढा शौचालयाचा दरवाजा रुंद करणे, यांना फार मोठा खर्च लागत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करण्याची तरतूद राज्यात आहे. तिचा उपयोग या कामी व्हावा. विहिरींना कठडे, उघड्या गच्चीला भिंत, झाडावर चढणाऱ्यांच्या कमरेला दोर, आणि पाण्याची खोली ठाऊक नसता सूर मारू नये ही शाळेतील शिकवण, हे प्रतिबंधाचे उपाय तर त्याहूनही स्वस्त आहेत. जी रज्जू जोडण्यास जगातील शास्त्रज्ञांना अजून यश आलेले नाही, ती न तुटू देणे मात्र पुष्कळ वेळा गावाला शक्य असते.

बंधुभगिनींनो, घरातील वडीलधाऱ्यांच्या त्या प्रश्नाला आज प्रामाणिक उत्तर देता येते. दोरी जुळत नाही, कारण तिच्या जखमेतील जमीन वाढीला प्रतिकूल होते. ती अनुकूल करण्याची विद्या माणसाला थोडी थोडी साधू लागली आहे, पण ती अजून पुरी झालेली नाही. ती पुरी होईल त्या दिवशी जो रुग्ण तगून असेल, ज्याच्या अंगावर शय्याव्रण नसतील, ज्याचे सांधे आखडलेले नसतील आणि मूत्रपिंडे शाबूत असतील, त्यालाच तिचा लाभ घेता येण्याचा संभव अधिक. त्या दिवसापर्यंत त्याला सन्मानाने व निरोगी ठेवणे हे काम त्याच्या घराचे आहे, तसेच ते त्याच्या गावाचेही आहे.